भिंतीचा घास

खेतवाडीच्या गल्ल्या समुद्रानं गिळल्या, त्यांचे कालवे झाले, आणि मग ते बघायला जगभरची माणसं येऊ लागली. घरं मात्र पडली नाहीत. त्यांच्या चुन्यात सूक्ष्मजीव पेरले होते, लोक त्यांना चुनजीव म्हणत. आपण उच्छ्वासातून जो कार्बनचा वायू सोडतो, तो खाऊन हे जीव चुनखडी करतात आणि खाऱ्या पाण्यानं पाडलेल्या चिरा बुजवतात. मोकळी हवा त्यांना पातळ पडते, बंद खोलीत कुणालातरी निजावंच लागतं. म्हणून वारसा मंडळाचा कायदा: घरटी दोन माणसं रोज झोपली पाहिजेत. लग्नाकार्याला बाहेरगावी जायचं, तर शेजारच्यानं तुमच्या घरी येऊन झोपायचं. ह्याला म्हणत निजशेजार. तो चार दिवस मिळतो. चार वर्षं कोण देणार?

मालन तांडेलची पोर केसर नागपूरला शिकायला गेली होती, मंडळाला न सांगता. कळलं असतं, तर शिक्षण अर्धं सोडायला लावून तिला परत आणलं असतं आणि तिच्या खाटेवर निजवलं असतं.

मालन पाहुण्यांना होडीतून कालवे दाखवायची, आणि आज तिच्या होडीत डॉ. ऊर्मिला पाठारे बसल्या होत्या. चुनजीव घडवले ते ह्यांनीच. सबंध होडी एकटीसाठी घेतलेली. घराघरापाशी थांबायला सांगायच्या, भिंतीला यंत्र टेकवायच्या, आकडा बघून स्वतःशीच हसायच्या. बाईंना हे काय खूळ, म्हणून मालनही वाकून बघू लागली. कुठली भिंत उपाशी, कुठली तृप्त, हे त्यांनी तिला दाखवलं.

स्वतःच्या दारापाशी मात्र मालननं वल्हं जोरात मारलं. डॉक्टरांनी थांबवलंच.

"ही सगळ्यांत धडधाकट. कोण राहतं इथं?"

"मी न् माझी पोर."

वरच्या खिडकीतून 'बें' ऐकू आलं. मालन मोठ्यानं खोकली. पुन्हा 'बें'.

"पोरीला सर्दी झालीय का?"

"दोन शेळ्या आहेत," मालन शेवटी म्हणाली. "माझी केसर नागपूरला शिकायला गेलीय. कायद्यात माणसं लिहिलंय, ठाऊक आहे मला. पण तुमच्या जीवांनी कधी तक्रार नाही केली, बाई."

डॉक्टर इतक्या खूश झाल्या, की प्रश्नच संपेनात. काय खातात, किती निजतात, खिडकी कधी उघडतेस. जाताना म्हणाल्या, मंडळाला मी पटवते, केसरला कुणी हात लावणार नाही.

त्यांनी शब्द पाळला. मंडळाला तर ते फारच पटलं. शेळ्या लग्नाला जात नाहीत, नळाच्या पाण्यासाठी मोर्चा काढत नाहीत. घरोघरी शेळ्या आणल्या, माणसांवरची घरात झोपायची सक्ती उठली. आणि सक्ती होती म्हणूनच ज्यांना राहू दिलं होतं, ती माणसंही घरांतून उठवली.

मालननं डॉक्टरांना गाठून विचारलं, आम्ही राहतो हे सांगितलं नाही का त्यांना?

"त्यांनी विचारलं, भिंतीला कुणाचा श्वास लागतो," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. "मी म्हटलं, कुणाचाही."

सुट्टीत केसर आली, तेव्हा मालननं तिला होडीतून घर दाखवलं. वरच्या खिडकीत, केसरच्या खाटेवर, एक शेळी रवंथ करत बसली होती. मागच्या होडीतले पाहुणे तिचे फोटो काढत होते.

"आई, उतरू या ना."

मालन वल्हवत राहिली. आत निजायला आता परवाना लागतो, आणि तो शेळ्यांना मिळालाय.