लाल टोपीच्या घरची मुलगी

आमच्या गावात मंगळवारचा बाजार बायकांचा. पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही, हे रिफच्या डोंगरातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. त्या मंगळवारी मात्र एक उंच तरुण थेट अंडी विकणाऱ्या बायकांच्या मधोमध येऊन उभा राहिला... चेहऱ्यावर भीती नाही, संकोच नाही. म्हणजे नक्की बेल्जियमचा. ऑगस्टमध्ये लग्नांसाठी तिकडे स्थायिक झालेली आपली माणसं अँटवर्पहून गाड्या भरभरून येतात आणि अक्कल तिकडेच ठेवून येतात.

“काय रे, बायको शोधतोयस की कोंबडी?” एकीनं विचारलं.

“कोंबडीच घे बाबा, उलटं बोलत नाही!” दुसरी म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. “मला... यम्नाबाईंना भेटायचं होतं.”

यम्ना माझ्या वडिलांची आत्या, म्हणून आम्हा सगळ्यांचीच आत्या. वय नव्वदीचं, आणि जुन्या लढाईची गाणी तोंडपाठ. मी त्याची बाही धरली आणि त्याला बाहेर काढलं.

“सोडा, मी येतो ना चालत.”

“आत पण तुम्ही चालतच आला होतात.”

त्याचं नाव अनीर. बाजाराच्या भिंतीबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. त्याचा पणजोबा हद्दू शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावामागच्या टेकडीवर समुद्रापलीकडून आलेल्या स्पेनच्या फौजेशी लढला होता. आता हद्दूची मुलगी, म्हणजे अनीरची आजी, नातीच्या लग्नासाठी इथं आली होती. बापावर रचलेलं गाणं तिला मरण्याआधी एकदा ऐकायचं होतं. आमच्याकडे इतिहास दोन ओळींचा असतो. लग्नात पोरी त्या ओळी रचतात, आणि म्हाताऱ्या त्या जपून ठेवतात.

“भेटवते आत्याला,” मी म्हटलं. आमचं घर कुठलं, ते मात्र सांगितलं नाही. गावात आम्हाला लाल टोपीवाले म्हणतात. माझा पणजोबा अल्लाल स्पेनच्या बाजूनं लढला. त्यांच्या फौजेतल्या आपल्या माणसांना लाल टोपी मिळायची. का लढला? जव पिकले नव्हते म्हणे, आणि फौजेत पगार मिळायचा. आमच्या घरात याच्यापुढे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी लढाईची जागा बघायला आम्ही टेकडी चढलो. समुद्रावरून धुकं येत होतं, ओलं, खारट. अनीरनं निवडुंगाचं पिकलेलं फळ दिसताच सरळ हातानं तोडलं.

“अहो—!”

उशीर झाला होता. माझं औषधांचं दुकान आहे, तिथं त्याला नेलं. दिव्याखाली त्याचा तळवा धरला आणि चिमट्यानं एकेक बारीक काटा काढू लागले. त्याचा श्वास माझ्या केसांना लागत होता. एक काटा दोनदा निसटला, आणि मला स्वतःचाच राग आला.

“तुमचा हात कापतोय,” तो म्हणाला.

“थंडी आहे.”

“ऑगस्टमध्ये?”

आता सांगायलाच हवं होतं. “माझा पणजोबा अल्लाल लाल टोपीत होता,” मी तळव्याकडे बघतच म्हटलं. “याच टेकडीखाली.”

त्यानं हात मागे घेतला नाही. उलट दुसरा हातही पुढे केला. “यात पण आहेत काटे.”

मी नीट पाहिलं. एकही नव्हता. तरी मी तो हात धरून बसले... आणि अहो-जाहो तिथंच संपलं.

आत्यानं गाणं ऐकवलं ते डोळे मिटून, अगदी कोरड्या आवाजात:

*दोन पायांवर चढला हद्दू, एकावर उतरला;*
*खाली लाल टोपी घालून अल्लाल नेम धरून बसला!*

“म्हणजे गोळी अल्लालचीच होती?” अनीरनं विचारलं.

“मला काय ठाऊक बाळा? गोळीवर नाव नसतं. पण दोन ओळींत दोघंच मावले.”

अनीरनं ते गाणं आजीला ऐकवलं, आणि माझ्याबद्दलही सांगितलं, घर कुठलं ते आणि लग्न करायचंय तेही. आजी गाणं ऐकून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “माझा बाप जन्मभर लंगडला. त्या घरातली मुलगी माझ्या सुना-नातसुनांत नको.”

“आपण अँटवर्पला जाऊन लग्न करू,” अनीर मला म्हणाला. “आजी येईल हळूहळू वळणावर.”

“मागच्या दारानं मी कुठल्याच घरात शिरणार नाही, अनीर.”

“मग?”

“मग काही नाही.” मी दुकानाचं शटर ओढलं. त्या रात्री मी खूप रडले, हे त्याला अजून माहीत नाही.

त्याच्या बहिणीच्या लग्नाला सगळा गाव होता. अंगणात पोरी डफ घेऊन उभ्या राहिल्या. लग्न न झालेली मुलगी अशा वेळी गाण्यात काहीही म्हणू शकते. तिला अडवायचं नाही, उत्तर द्यायचं तेही गाण्यातच.

“गाणार आहेस ना?” आत्या कानाशी कुजबुजली. “त्याची म्हातारी गप्प बसली तर नकार. गोड कौतुक केलं तरी नकारच, गोड बोलतात ते परक्यांशी. तसं झालं तर मुकाट्यानं घरी जेवायला ये.”

“आणि होकार कसा असतो?”

“तो कळतो.”

मी डफ घेतला. आजीच्या डोळ्याला डोळा देऊन गायले:

*पणज्याची लाल टोपी, आजी, नाकारत नाही मी;*
*तुमच्या नातवाला मागते, उगाच लाजत नाही मी!*

आजी माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला घरचं जेवण दिसू लागलं. मग तिनं शेजारणीच्या हातातला डफ ओढून घेतला. आवाज फाटका होता, पण ताल पक्का.

*जीभ कात्री, नाक वाकडं, भाकरी हिची कच्ची;*
*पणज्यानं नेला पाय, ही नेते नातू — चोरटी सच्ची!*

बायकांनी असा काही जल्लोष केला, की गाढवं ओरडायला लागली. मी हसत होते आणि डोळे गळत होते, दोन्ही एकदमच.

दारात उभा असलेला अनीर पांढराफटक पडला. “आजी, तिला काय काय बोललीस! नाही म्हणायचं होतं तर साधं नाही म्हणायचं...”

आजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हा शहाणा आहे, असं कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही, आजी.”

“तरी पाहिजे?”

“पाहिजे.”

“मग बस इथं,” ती म्हणाली, आणि गादीवर थोडी सरकली.