सातवा चॅनेल

डीव्हीडी बनवायचं ते सॉफ्टवेअर ज्याने कुणी लिहिलं, त्याला समोर बसवून त्याच्याच हाताने एक डिस्क करून घ्यावी, असं थोरल्याला रविवारी सकाळपासून वाटत होतं. पेशाने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्ट अडली की का अडली ते कळतं. दार, दोर, मोटर, काहीतरी एक सापडतंच. हे सॉफ्टवेअर मात्र गुळमुळीत. म्हणे, 'ध्वनीचा प्रकार जुळत नाही.' अरे, मग कुठला जुळतो ते तरी बोल की!

पहिली डिस्क मुकीच निघाली. दुसरी त्याने साध्या दोन चॅनेलवर, म्हणजे आवाजाच्या दोनच पट्ट्यांवर केली. ती चालली, पण बाबांनी मिनिटभरात हात हलवून बंद करायला लावली.

"ही टीव्हीतून बोलतेय रे. तुझी आई काय बातम्या द्यायची?"

बाबांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आई जाऊन तीन महिने. आई घरभर फिरत बोलायची. ती कुठे आहे ते बाबांना आवाजावरून कळायचं. ती गेल्यापासून ते खुर्ची सोडत नव्हते, जेवण दोन घासांवर आलं होतं. नशीब, तिच्या शेवटच्या वाढदिवसाला थोरल्याने कॅमेरा टेबलाच्या मधोमध ठेवून चौफेर आवाज टिपला होता. अकरा मिनिटं आई टेबलाभोवती फिरत चष्मा शोधतेय आणि एकेकाला झापतेय. तिला बाबांच्या भोवती पुन्हा तशीच फिरवायची, म्हणजे माणूस दोन घास जास्त खाईल, एवढीच त्याची आशा. त्यासाठी बाबांच्या खोलीत चारी बाजूंना स्पीकर लावून झाले होते.

तिसऱ्या खेपेला पडद्यावर आलं, 'सहा चॅनेल चालतील. फाइलमध्ये सात आहेत.'

"सात? अरे गाढवा, कॅमेरा सहाच टिपतो!"

त्याने फाइल उघडून स्वतः मोजले. सातच होते. सातव्याची रेघ बारीक, पण सलग. हेडफोन लावले, तर कुणीतरी श्वास घेत होतं. मग कोरडा खोकला, दोन ठसक्यांचा. बाबांचा. त्या दिवशी बाबा टेबलाशीच तर बसले होते, असं म्हणून त्याने पुढे सरकवलं.

"झालं का रे, थोरल्या?" बाबा कानात म्हणाले. "की त्या यंत्राला शिव्याच घालतोयस सकाळपासून?"

त्याने हेडफोन काढले.

"झालं का रे, थोरल्या?" शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं. "की त्या यंत्राला शिव्याच घालतोयस सकाळपासून?"

थोरल्याने हातातले हेडफोन दूर सरकवले. मग त्याला स्वतःचाच राग आला. कुठला तरी माईक चालू राहिला असणार, दुसरं काय! त्याने सगळ्या वायरी चाचपल्या. माईक जोडलेलाच नव्हता.

"झालंच, बाबा!" तो ओरडला. डोकं पार उठलं होतं. सॉफ्टवेअरने विचारलं, 'सातवा चॅनेल कायमचा काढायचा?'

"काढ मेल्या, काढ एकदाचा," म्हणत त्याने 'हो' दाबलं.

डिस्क विनातक्रार तयार झाली.

बाबांच्या खोलीत आई डावीकडून आली, त्यांच्या पाठीमागून गेली. "माझा चष्मा पाहिला का कुणी? एका माणसाला म्हणून दिसत नाही या घरात!"

बाबांची मान तिच्यामागे वळत गेली. तोंड उघडून, खांदे गदगदवत ते हसले. थोरल्याचे डोळे भरून आले.

मग त्याच्या लक्षात आलं, हसण्याचा आवाज आला नव्हता.

त्याने स्पीकर बारीक केले. पंख्याची घरघर ऐकू आली. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. बाबांचे ओठ हलत होते.

"बाबा, काय म्हणताय?"

ते पुन्हा बोलले. खुर्चीच्या हातावर थापा मारत बोलले. थापांचाही आवाज नव्हता.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मानेच्या शिरा फुगल्या. ते जिवाच्या आकांताने एकच शब्द ओरडत होते. ओठांवरून कळत होता. थोरल्या. थोरल्या.

तो धावत कॉम्प्युटरकडे गेला. फाइलमध्ये सहाच चॅनेल होते.

तेवढ्यात बाबांच्या खोलीतून आई बोलली. ती अकरा मिनिटं त्याने पन्नास वेळा तरी ऐकली होती. हे वाक्य त्यांत नव्हतं.

"अहो, ओरडू नका असे," ती म्हणाली. "मला येतंय ऐकू."