चार दशांश मिलिमीटर

कॅनडातल्या ल्युनेनबर्गमध्ये वेंडल कोर्कम यांच्या परसातला पर्जन्यमापक गेल्या वर्षीच्या नऊ मार्चपासून आसपासच्या तिन्ही केंद्रांपेक्षा प्रत्येक पावसात चार दशांश मिलिमीटर अधिक दाखवीत होता. भांड्याला पोचा नव्हता. खांब कललेला नव्हता. याविषयी विचारणा करणारे पर्जन्यनिरीक्षक मंडळाचे जुलैतले पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेले होते.

वेंडल यांची मुलगी मेरिल नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पिण्याचे पाणी तपासत असे. एलिसेओ तिला भेटला तोही एका विहिरीपाशी. तो चिलीतल्या चिलोए बेटावरून आलेला, लाकडी नावा बांधणारा सुतार. त्याच्या भाड्याच्या घरी ती नमुना घ्यायला गेली, तेव्हा तो पावसात बिनटोपीचा उभा होता.

“भिजताय तुम्ही.”

“हा पाऊस आहे होय? आमच्याकडे याला कोरडा दिवस म्हणतात.”

“पाणी खराब निघालं तर तीन दिवसांत सांगायला येईन.”

“आणि चांगलं निघालं तर... येणार नाही?”

पाणी चांगले निघाले. ती तरीही गेली.

नऊ मार्चला तो हत्यारांची पेटी घेऊन कोर्कमांच्या घरी, मेरिल राहत होती त्या वरच्या मजल्यावर राहायला आला. वेंडल यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. या कामाला थोडा वेळ लागला.

“लंबू, चौकटीला डोकं आपटलंस तर चौकट तूच दुरुस्त करायचीस,” ते म्हणाले.

या गोष्टीला सव्वा वर्ष झाले होते. दोघांचे लग्न झालेले नव्हते. जोडीदार म्हणून त्याला कॅनडात ठेवून घ्यायचे, तर अर्जापूर्वी सलग बारा महिने एका छपराखाली संसार केल्याचे तिने सिद्ध करायला हवे होते. अर्जावर इमिग्रेशन कार्यालयाचे उत्तर आले होते: दोघांच्या नावांची कागदपत्रे ऑगस्टपासूनची आहेत, मार्च ते जुलैचा पुरावा तीस दिवसांत पाठवावा, अन्यथा अर्ज नामंजूर होईल. एलिसेओचा कामाचा परवाना त्याच सुमारास संपत होता. त्यानंतर चिलोए.

रविवारी सकाळी तिघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद पसरून बसले. बाहेर पाऊस लागला होता.

“त्या महिन्यांतले फोटो?” मेरिलने विचारले.

“आहेत की. सगळ्यांत तू आहेस.”

“आणि तू?”

“मी काढत होतो ना.”

तिने पेन खाली ठेवले. “एक विचारू? तू रोज सकाळी सातला दहा कमी असताना उठून जातोस. अगदी पहिल्या दिवसापासून. कुठे?”

“समुद्र बघायला.”

“डिसेंबरात? गारा पडत असताना?”

“समुद्र डिसेंबरातही असतो, मेरिल.”

“‘नऊ मार्चपासून सलग’ असं मला सही करून लिहायचंय. पण ज्याला रोज सकाळी घराबाहेर पडावंसं वाटतं, तो राहायला आला होता की पाहुणा म्हणून... हे माझं मलाच ठाऊक नाही.”

एलिसेओने वेंडल यांच्याकडे पाहिले. वेंडल कपात पाहत राहिले. चहाला लागतो त्याहून बराच अधिक वेळ.

ती दूध घ्यायला उठली आणि फ्रिजपाशी थबकली. बाबांचे पत्र म्हणून आजवर तिने ते कधी नीट वाचलेच नव्हते. *नऊ मार्चपासून, सकाळी सातच्या प्रत्येक नोंदीत.* भांडे तेच, नळी तीच, खांब तोच. मग बदलले ते काय?

“चल माझ्याबरोबर,” ती एलिसेओला म्हणाली.

परसात तिने मापकाकडे बोट केले. “वाच.”

तो नेहमीसारखा ताठ उभा राहिला. “सहा पूर्णांक आठ.”

डोळा पाण्याच्या रेषेत येईपर्यंत ती वाकली. “सहा पूर्णांक चार.”

“म्हणजे... मी चुकीचं वाचत होतो?”

“रोज. सव्वा वर्ष.” तिचा आवाज प्रयोगशाळेतल्या अहवालासारखा कोरडा राहिला नव्हता.

मागच्या दारात वेंडल चौकट धरून उभे होते. “गेल्या वर्षी जानेवारीत या पायरीवरून घसरलो. गुडघा गेला. दोन महिने कसाबसा वाकलो. तुला कळलं असतं तर हे मोजणं नि पावसाची वही तू गावच्या शाळेला देऊन टाकली असतीस. एकतीस वर्षांची वही आहे, पोरी. म्हणून लंबूला शपथ घातली. तो वाचायचा, मी लिहायचो.”

“आणि तू मला समुद्र सांगितलास,” मेरिल म्हणाली.

“शपथ होती... आणि इथून दिसतोच की समुद्र.”

“जरा वाक.”

“आता कशाला? पाणी तर वाचून झालं.”

“पाण्यासाठी नाही.”

तो वाकला. वेंडल यांनी तेवढा वेळ ढगांचे निरीक्षण केले.

मंडळातल्या कोणी एलिसेओला कधी पाहिले नव्हते. तरी तो घरात आल्याची पहिली लेखी नोंद त्यांचीच होती. मेरिलने ते जुलैचे पत्र अर्जाला जोडले. सोबत वेंडल यांचे निवेदन होते, आणि त्याची एक प्रत त्यांनी न सांगता मंडळालाही पाठवली. निवेदन असे:

“शपथेवर लिहून देतो की नऊ मार्चपासून माझ्या वहीतला एकही पाऊस मी स्वतः वाचलेला नाही. अधिक आलेल्या चार दशांश मिलिमीटरचे कारण पुढीलप्रमाणे: वाचणारा माणूस सहा फूट चार इंच उंच आहे, तो नळीकडे वरून पाहतो, आणि रोज सकाळी सात वाजता तो याच घरी असतो.”