गुलाबी टबातला बँजो

मॅल्डन गावाच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर ब्रॉनवेन दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिली. समोरून येणाऱ्या पिकअपने करकचून ब्रेक मारला, तो तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"मरायचंय का तुला?" पिकअपवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

"नाही. मागे टाकलायस ना, तो टब हवाय."

त्याने वळून पाहिलं. कुणाच्या तरी आजीच्या न्हाणीघरातून उपटलेला, बबलगमसारखा गुलाबी टब.

"ह्यात अंघोळ करणार तू?"

"मी नाही रे. बेडूक."

त्याचं नाव फर्गस, धंदा प्लंबिंगचा. लोकांची जुनी न्हाणीघरं उखडायची आणि नवी बसवायची. त्याला वाटलं होतं, टब फेकून घरी जाऊ, एखादी खिम्याची पाय-पेस्ट्री खाऊ. त्याऐवजी अर्ध्या तासाने तो ब्रॉनवेनच्या अंगणात टबाला टेकू लावत बसला होता. का, ते त्यालाच माहीत. म्हणजे, आपल्यालाही माहीत आहे, पण घाई कशाला?

ब्रॉनवेन पाणझाडं विकायची. पत्र्याच्या शेडमागे कुंड्या, काचेच्या मोठाल्या बरण्या, अर्धी कापलेली वाइनची पिंपं, आणि सगळ्यांत लव्हाळे. उंच, बुटके, आणि तिचा लाडका कुरळा लव्हाळा, ज्याची काडी न् काडी स्प्रिंगसारखी पीळ घेत वर येते. फाटकावर पाटी: 'लव्हाळा लावा, बेडूक येईल.'

आता खरी गंमत ऐका. गावभर तिच्या लव्हाळ्यांत बेडूक आले. पोस्टामागच्या पिंपात आले, चर्चच्या हौदात आले. तिच्या स्वतःच्या अंगणात, गेले दोन उन्हाळे, एकही नाही! आणि बेडूक पकडून आणून सोडायचा नसतो. तो आपल्या पायांनी यायला हवा.

"काय गं, आले का पाहुणे?" शेजारच्या पेव्हरेलबाई रोज कुंपणावरून विचारायच्या. "का पत्ता चुकला त्यांचा?"

तिकडे समुद्रापलीकडे होबार्टला बहीण सेरिसने मोठ्या नर्सरीत नोकरी बघून ठेवली होती. रविवारपर्यंत हो की नाही, ते कळवायचं होतं. ब्रॉनवेनने मनाशी ठरवलंच होतं: तोवर बेडूक आला तर राहायचं, नाहीतर पाटी उतरवायची आणि बोट धरायची. हे तिने फर्गसला सांगितलं ते चिखलात हात घालता घालता, अगदी सहज.

फर्गसने हातातली लव्हाळ्याची कुंडी टबाच्या तळाशी सोडून दिली.

"अरे, बुडवलास की त्याला! खाली विटा लाव. त्याला पाय ओले लागतात, डोक्यावरून पाणी नाही चालत."

"प्लंबरला पाण्याची पातळी शिकवतेस?"

"शिकवावी लागतेय ना."

त्याने विटा लावल्या. बेडकाला चढ-उतार करायला कडेने एक पायरीही रचली. तिने कुंडीतल्या मातीवर खडे पसरले, मग कुरळ्या गड्ड्यातून एक सरळ काडी मुळासकट उपटली.

"सरळ असणं गुन्हा आहे का इथे?"

"सरळ काड्या फार जोर करतात. ठेवल्या तर कुरळ्यांना दाबून टाकतात."

"मी तर अगदी सरळ माणूस..."

"म्हणूनच नजर ठेवून आहे," ती म्हणाली, आणि तिची नजर खरंच जरा जास्त वेळ राहिली.

गुरुवारी संध्याकाळी ती बादली घेऊन टबापाशी आली, आणि—

टंक!

ती जागच्या जागी थिजली. बँजो बेडूक! बँजोची तार छेडल्यासारखा आवाज काढतो म्हणून तर हे नाव. पुन्हा, टंक. पेव्हरेलबाई धावत कुंपणाशी. "आला गं बाई, आला!"

ब्रॉनवेनने कान टवकारले. बेडूक टबात नव्हता, मागच्या कुंपणाआड होता. आकाशात ढगाचा ठिपका नसताना ओरडत होता. आणि फार सुरात होता, कुणीतरी खुंट्या पिळून ठेवल्यासारखा. तेवढ्यात अंडी राखत बसलेल्या मॅगपाय पक्ष्याने निलगिरीवरून कुंपणापलीकडे झडप घातली, आणि बेडूक ओरडला, "आई गं!"

पेव्हरेलबाईंनी ब्रॉनवेनकडे पाहिलं. ब्रॉनवेनने बादलीकडे पाहिलं.

"ह्या जातीचे बोलतात कधी कधी," ती गंभीरपणे म्हणाली.

शुक्रवारी ती खुर्ची घेऊनच बाहेर बसली. चहा प्यायली, लॅमिंग्टन केक खाल्ला, बेडूक ऐकला. कुंपणाआड डोकावली मात्र नाही.

शनिवारी संध्याकाळी पाऊस आला. बारीक, रेंगाळणारा. लव्हाळ्याच्या प्रत्येक पिळावर थेंब अडकून बसले. आणि कुंपणाआडून, चक्क पावसात, टंक... टंक...

ती गेली, कुंपणाची फळी बाजूला सारली. फर्गस सिमेंटच्या रिकाम्या गोणीखाली उकिडवा, मांडीवर बँजो, कपाळावर मॅगपायने दिलेली खूण.

"दे इकडे." तिने बँजो काढून घेतला. "लाज नाही वाटत? बेडकाचं सोंग?"

"वाटते ना." केसांतून पाणी गळत होतं. "पण बेडूक आला तर तू राहणार होतीस. तो काही येईना. मग म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"म्हटलं, कुणीतरी आलं पाहिजे."

ती काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

टंक.

"फर्गस, पुरे आता."

"बँजो तुझ्या हातात आहे, ब्रॉनवेन."

दोघं हळूच वळली. गुलाबी टबात, कुरळ्या काड्यांच्या बुडाशी, पायरीच्या विटेला चिकटून एक गोटा फुगला. टंक! बेसूर. अगदी मनापासून बेसूर.

"तुझ्यापेक्षा बरा वाजवतोय," ती पुटपुटली.

"मग... आता तरी सेरिसला नाही म्हणशील?"

"तिला दुपारीच कळवलं मी. येत नाही म्हणून."

"दुपारी?" फर्गसने पापण्यांवरचं पाणी निपटलं. "दुपारी कुठे आला होता बेडूक?"

"आला होता की. गुरुवारपासून," ती म्हणाली. "कुंपणाआड."

टबातून पुन्हा टंक आलं. मग पुन्हा. बँजो लव्हाळ्यांच्या कुंड्यांवर आडवा पडून भिजत होता. बेडकाला उत्तर द्यायला ह्या वेळी कुणाचाच हात मोकळा नव्हता.