कस्तुराबाईची फुंकर

बसा, चहा येतोय. तोवर सांगून टाकतो, पोटात ठेवलं तर फुटेन मी.

मागच्या मे महिन्यातली भर दुपार. पडेगावला माझ्या गॅरेजवर हनुमानचा फोन आला. जुनाट ट्रक आहे त्याचा, मालकही तोच अन् ड्रायव्हरही तोच. म्हणाला, सांडूभाऊ, दौलताबादचा घाट चढलो अन् गाडी बंद पडली, मागं बिरू मेंढपाळाची साठ मेंढरं आहेत. मी पान्यांची पिशवी उचलली. रोजचंच काम.

गेलो तर नुसती आग बरसत होती. झाड नाही, पाणी नाही, मेंढरं उतरवावीत तर बाजूनं गाड्या सुसाट. मुकी जनावरं जिभा काढून धापत होती. बिरूची बायको कस्तुराबाई त्यांच्यात उभी राहून पदरानं वारा घालत होती. बिरू म्हणाला, तासाभरात गाडी हलली नाही तर निम्मी मेंढरं जातील. डोळ्यांत पाणी होतं गड्याच्या.

मी भिडलो. टाकीत डिझेल होतं, पण फिल्टर उघडला तर कोरडा ठणठणीत. डिझेल ओढायचा हातपंप मारून मारून खांदा गेला, येत होती ती नुसती हवा. म्हटलं, टाकीकडून येणारी नळी चोंदली. पंपाकडची बाजू सोडली, हनुमानला टाकीला कान लावायला सांगितलं अन् नळीत फुंकर मारली. नळी मोकळी असली की टाकीत बुडबुडे वाजतात.

काही वाजलं नाही. छाती भरून पुन्हा फुंकलो, तर आतून कुणीतरी उलट फुंकलं.

खोटं सांगत असेन तर ह्याच पान्यानं हाणा मला. ऊन ऊन, ओलसर वारा ओठांवर आला. थांबला. अडखळत पुन्हा आला. वास डिझेलचा नव्हता, नुकत्याच व्यालेल्या जनावराचा होता.

"सांडूभाऊ…" हनुमान टाकीपासून हळूच मागं सरकला. "आत कोणंय?"

कस्तुराबाई कधी खाली उतरली, कळलंच नाही. तिनं नळीशी गाल नेला, डोळे मिटून ऐकलं.

"सरक रं बाबा… जीव अडकलाय त्याचा."

कोकरू जन्मलं अन् श्वास घेईना, तर ह्या बाया त्याच्या नाकात फुंकतात. तिनं तस्संच केलं. एका हातानं टाकी थोपटत नळीत तीन हलक्या फुंकरा घातल्या. टाकीत गुडगुड झालं अन् डिझेल आपसूक वाहायला लागलं! मी नळी बसवली, हवा काढली, हनुमाननं सेल मारला अन् इंजिन धडधडलं. रस्त्यात नाचलो मी, लाज वाटली नाही.

वेरूळच्या अलीकडं तळ्यावर पोचलो. साठच्या साठ मेंढरं जिती उतरली. बिरूनं माझे पाय धरले, मीच ओशाळलो. हनुमाननं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली खिशात टाकली.

मेंढरं पाणी प्यायली अन् कस्तुराबाई त्यांच्यामागं चढावर निघाली. अन् ट्रक तिच्यामागं निघाला.

चढावर, बरं का. आवाज नाही, धूर नाही. ती थांबली, तोही थांबला. ती चार पावलं चालली, तोही चालला. बिरूनं धावत जाऊन चाकाखाली धोंडा सारला. मी मात्र जागचा हललो नाही, बघणं काही सुटत नव्हतं.

"पयले चार दिस असंच करतंय कोकरू," कस्तुराबाई हळू म्हणाली. "जिनं फुंकलं, तिच्यामागं."

"अन् मग?" मी विचारलं.

तिनं टाकी थोपटली अन् मेंढरांमागं निघून गेली. हनुमाननं ट्रक माघारी नेला, घरापुढं साखळीनं बांधला.

पाचव्या दिवशी पहाटे बिरूचा फोन. त्यांनी वैजापूरच्या पलीकडं, कांदा निघालेल्या एका रानात मुक्काम हलवला होता, कुणालाच सांगितलं नव्हतं. साखळी तोडून ट्रक तिथं येऊन उभा होता.

"टाकी भरून बघितली, मिस्तरी… डिझेल बाहेर टाकतंय. कस्तुरा रातीपासनं त्याला टेकून बसलीय. म्हनती, भुकेलंय…"

मी विचारलं, मेंढरं बरी आहेत ना?

"बरी हायेत," बिरू कुजबुजला. "पर लांब उभी हायेत सगळी. कस्तुरा त्याला पाजायला हाका मारतीय… तिच्याजवळ एक बी येईना."