कोरडा मास्क

दिवा राहू द्या. ऐकायचं असेल तर गुपचूप ऐका. मधे कुणी खिदळलं, तर मी सरळ झोपायला जाईन.

गोष्ट लांब्याची. माझा मेव्हणा अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो, त्याच्या गाडीवर लांब्या मदतनीस. कामाला वाघ, पण ऐकून घेण्याच्या नावानं बोंब.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेदोन. फोन आला, एका काकांना धाप लागलीय. नेहमीचंच काम. गेले, उचललं, निघाले. थंडी म्हणून काकांच्या गळ्याला मफलर गुंडाळलेला. काकूंना नियमाप्रमाणे पुढे बसवलं. मागे लांब्याने काकांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला.

काकांनी तो ओढून गळ्यावर नेला.

"काका, असं नाही करायचं," म्हणत लांब्याने परत वर चढवला. काकांनी परत ओढला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. काकू मधल्या काचेवर ठोकत होत्या, स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवत होत्या. सायरनमध्ये त्यांचं बोलणं ऐकायला येईना. माझा मेव्हणा आपला "हो काकू, पोचलोच" म्हणत राहिला. लांब्याला वाटलं, बाई घाबरलीय. त्याने हातानेच खुणावलं, बसा. आणि काकांचा हात दाबून धरला.

थोड्या वेळाने हात सैल पडला. लांब्या म्हणाला, "चला, शांत झाले एकदाचे."

दवाखान्यात डॉक्टरने मफलर सोडला. गळ्याला भोक, त्यात नळी. काकांचं स्वरयंत्र ऑपरेशन करून काढलेलं होतं. श्वास काय तो तिथूनच. काका वाटेतच गेले होते. तोंडावरचा मास्क आतून कोरडा ठणठणीत. वाफेचा ठिपकासुद्धा नाही.

लांब्याने स्ट्रेचर पुसलं, चादर बदलली, मास्क कचऱ्यात टाकला.

"चहा घेतोस?" मेव्हण्याने विचारलं.

"घेऊ."

घेतला. चव लागली नाही, एवढंच.

परतताना दोघंही पुढे बसले. मागे कुणी नाही.

टक... टक...

काचेवर. मागच्या बाजूने.

मेव्हण्याने लांब्याकडे पाहिलं. लांब्या समोर बघत होता.

"काहीतरी पडलं असेल," तो म्हणाला.

टक...

गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. आणि मागून... श्वास. आत घेताना खरखर. सोडताना बारीक शिट्टी... नळीतून यावी तशी.

मग तीही थांबली.

दार उघडलं. कुणी नाही. चादरीची घडी मोडलेली नाही. फक्त एक पारदर्शक पाकीट. कपाटातलं नव्या मास्कचं. उशीच्या खालच्या बाजूला, जिथे माणसाचा गळा येतो, बरोब्बर तिथे.

लांब्या अजून त्याच गाडीवर आहे. आता कुणीही पेशंट असो, आधी गळा उघडून बघतो.

ते पाकीट सकाळी मेव्हण्याने मला दाखवलं. सील तसंच होतं, कुठे फाटलेलं नाही. आतला मास्क मात्र वाफेने पांढरा झालेला.

मी हातात घेतलं.

कोमट होतं.