पांढऱ्या डोळ्याचा रोहू

"ओ मॅडम, तुमची सावली पाण्यावर पडलीय. मासे काय, मीपण पळून जाईन."

कुळगावच्या मागे, उल्हास नदीच्या काठावर गळ टाकून बसलेल्या सुयोगचं हे पहिलं वाक्य. मी मोबाइल उगारून उभी होते. मासेमारीच्या एका चॅनलला कॅमेरा चालवणारी मुलगी हवी होती. गळाला मासा लागतानाचा व्हिडिओ पाठव, मग नोकरी, असं मालक म्हणाला होता. नोकरी नाही लागली तर अंबरनाथला घरी मुलगा बघून ठेवलेलाच होता.

सुयोगने शिकवलं... खाली बसून शूट करायचं, ऊन समोरून घ्यायचं, गळाचा दोरा, तंगूस, थरथरला की श्वास रोखायचा. मासा ताजा की शिळा हे कळायला आधी डोळा बघायचा. शिळ्याचा पांढरा पडतो. मी त्याला कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकवत होते. तो मात्र माझ्याकडेच बघायचा.

"लेन्समध्ये बघ ना रे."

"लेन्स लाजत नाय. मजा नाय येत."

पावसाळा सरला, तरी कॅमेऱ्यासमोर मासा काही लागला नव्हता, आणि एका सकाळी नदीला फेस आला. कुठल्याशा कारखान्याने रात्रीत घाण सोडली होती. मासे पोटं वर करून काठाला लागले. पुलावरून जाणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले — बस, एवढंच सुतक पाळलं गावाने.

मालकाचा फोन आला. रविवारी व्हिडिओ नाही मिळाला, तर दुसरी मुलगी घेतो म्हणाला.

रविवारी सुयोगने त्याच मेलेल्या पाण्यात गळ टाकला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तंगूस ताणला गेला, भला मोठा रोहू वर आला. मी झूम केलं.

डोळा दुधासारखा पांढरा.

उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून आणून त्यानेच तो आधीच गळाला अडकवून ठेवला होता.

"मला बनवतोस?"

"तुला नाय, तुझ्या मालकाला." तो खाली बघत होता. "लग्न लावून टाकतील तुझं, शलाका... मला दुसरं काय जमणार होतं?"

माझ्यासाठी बाजारातून कुणी पहिल्यांदाच काही आणलं होतं, तेही मेलेलं. तरी मोबाइल खाली केला नाही.

"आता लेन्समध्ये बघ," मी म्हणाले. "आणि खरं सांग."

त्याने सांगितलं. हा मासा विकतचा आहे, कारण या नदीत आता जिवंत काही नाही. मग मी कॅमेरा काठावरच्या कुजलेल्या माशांवर नेला आणि तसाच व्हिडिओ पाठवला.

लोक जेवताना बघतात आपलं चॅनल, एवढंच मालकाने कळवलं. नोकरी हुकली.

पाहुणे बघायला यायच्या दिवशी मी घरात नव्हते. नदीवर गेले. सुयोग गळाशिवाय बसला होता. मी त्याच्या मागे उभी राहिले.

"सावली पडलीय पाण्यावर," तो वळून न बघता म्हणाला.

"पळायला मासे उरलेत कुठे?"

"मी उरलोय ना."

"मग पळ."

तो हलला नाही.